पुसलेला जिना

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी बांधून तिला घरी आणलं, थेंब कधी आणि किती घालायचे ते शेजारच्या मावशींना दोनदा समजावलं, आणि मगच सोमवारी सकाळी, चार दिवसांनी, धाकटी ऑफिसला आली. चाळिशी उलटली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. वडील गेल्यावर त्यांचं नकाशांचं ऑफिस दादाने चालवायला घेतलं होतं. चालवायला घेतलं म्हणजे दादा बोलायचा आणि धाकटी काढायची. दादा बाहेर फिरून कामं आणायचा, वहिनी फोन आणि बिलं सांभाळायची, आणि खिडकीपाशी दोन पडद्यांसमोर बसून धाकटी लोकांच्या भिंती, दारं, जिने आणि मोऱ्या काढायची.

तिची खुर्ची कुणीतरी खाली केली होती. माऊस डाव्या बाजूला सरकवलेला. दादा डावखुरा, त्यामुळे इथे कोण बसलं होतं ते विचारायची गरज नव्हती. तिने खुर्ची वर घेतली आणि शाळेची फाइल उघडायला घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेचे नकाशे मंजुरीला जायचे होते.

फाइल उघडेना. पडद्यावर एक चौकट आली, फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा तीच चौकट. दुरुस्तीची आज्ञा देऊन पाहिली. मशीन बराच वेळ घुटमळलं आणि शेवटी एक कोरा पांढरा कागद समोर टाकून मोकळं झालं.

ती घाबरली नाही. घाबरायचं कारण नव्हतं. नकाशे काढायच्या त्या प्रोग्रॅमला एक चांगली खोड असते. तुम्ही सेव्ह केलंत की तो आधीची फाइल फेकून देत नाही, तिला बॅकअप म्हणून बाजूला ठेवतो. नवी बिघडली तर जुनीचं नाव बदलायचं आणि कामाला लागायचं. धाकटीने यावर कितीतरी कामं वाचवली होती. तिने फोल्डर उघडला.

एकही बॅकअप नव्हता. शाळेचा नव्हता, दवाखान्याचा नव्हता, गेल्या वर्षीच्या गोदामाचासुद्धा नव्हता. फोल्डर असा लख्ख होता की जणू कुणी केरसुणी फिरवून वर पाणी मारलं होतं. तिने सेटिंग पाहिलं. 'बॅकअप ठेवा' यासमोरची खूण काढून टाकलेली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं.

"दादा!"

दादा आतल्या खोलीतून चहाचा कप घेऊन आला. "आलीस? आई कशी आहे?"

"बॅकअप कुणी उडवले?"

"कसले?"

"कसले काय? बॅकअप. सगळे."

"अच्छा, ते होय. कचरा झाला होता नुसता. एकेका नकाशाच्या दोन-दोन फाइली. मशीन म्हणत होतं जागा संपली. मी साफसफाई केली."

"साफसफाई? तुझ्या कपाटातले फाटके शर्ट आहेत का ते? शाळेची फाइल उघडत नाहीये."

दादाचा चेहरा क्षणभर पडला. "नाही कशी उघडत? शनिवारी तर चांगली चालली होती."

"शनिवारी तू तिच्यात काय करत होतास?"

"काही नाही गं. जरा बघत होतो. मग सेव्ह केलं, ते गोल गोल फिरत राहिलं, मला उशीर होत होता, मी बटण बंद केलं."

"सेव्ह होत असताना बटण बंद केलंस!"

"ओरडू नकोस. ऑफिस आहे हे."

"ऑफिस आहे म्हणूनच ओरडतेय. घरी असते तर काहीतरी फेकून मारलं असतं."

वहिनी फोन ठेवून मध्ये आली. "अहो, तुम्ही तरी कशाला हात लावायला गेलात? आणि तू पण अगं, सकाळी सकाळी..." वहिनीचं हे नेहमीचं होतं. एक चमचा याच्या पानात, एक तिच्या पानात.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि ठेकेदार आत आला. शाळेची इमारत तोच बांधणार होता आणि हे कामही त्यानेच आणलं होतं. माणूस बोलायला गोड. वहिनीला नमस्कार, धाकटीला "कशा आहात ताई, आईंची तब्येत?", सगळं यथासांग. मग खुर्ची ओढून म्हणाला, "साहेब, उद्याचे नकाशे तयार ना?"

दादा हसला. ते हसू धाकटीने लहानपणापासून पाहिलं होतं. काच फुटली की हे हसू यायचं.

"थोडी गडबड झालीय," दादा म्हणाला. "हिच्याकडून फाइल बिघडली. आईच्या आजारपणात हिचं लक्ष नव्हतं, त्यात काय. करेल ती, संध्याकाळपर्यंत करेल."

चोराच्या उलट्या बोंबा धाकटीला ठाऊक होत्या, पण सख्खा भाऊ तीन हातांवर उभा राहून आपल्या डोक्यावर खापर फोडतो आणि वर चहाचा घोट घेतो, हे नवीन होतं. वहिनीने मान खाली घातली. तिला खरं माहीत होतं.

"करा बुवा," ठेकेदार म्हणाला. त्याने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि धाकटीच्या टेबलावर पसरला. "हा बघा, शनिवारी साहेबांनी दिलेला प्रिंट. अगदी असाच पाहिजे. जिना आता झकास झालाय. प्रत्येक मजल्यावर एकेक खोली वाढली."

धाकटी कागदावर वाकली.

शाळा तीन मजल्यांची होती आणि तिला जिना एकच होता. धाकटीने तो भरपूर रुंद काढला होता, पोरांचा लोंढा एकदम खाली आला तरी कुणी कुणाच्या अंगावर पडू नये असा. ठेकेदाराने महिनाभर त्या जिन्यावरून साखरपेरणी केली होती. एवढी जागा वाया कशाला, पोरं काय हत्ती आहेत का, वगैरे. धाकटीने साफ नाही म्हटलं होतं आणि दादानेही तिच्यासमोर मान डोलावली होती. या कागदावर मात्र जिना चोरवाटेसारखा अरुंद झाला होता. दोन पोरं दप्तरं घेऊन समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं. वळणावर पाय टेकायला असतो तो चौक तर नावालाच उरला होता. आणि उजव्या कोपऱ्यात खाली, जिथे नकाशा कुणी काढला ते लिहितात, त्या चौकटीत धाकटीचं नाव होतं. तिचंच. पूर्ण.

तिने कागदाची घडी घातली आणि ठेकेदाराच्या हातात दिली. "दुपारी या," एवढंच म्हणाली.

तो गेला. दादा आत सटकायला निघाला, पण ती मशीनकडे वळली होती. भांडायला वेळ होता. आधी तिला तिचा नकाशा हवा होता.

बॅकअपशिवाय त्या प्रोग्रॅमची आणखी एक सोय होती, फारसं कुणी जिच्याकडे बघत नाही अशी. काम चालू असताना तो दर थोड्या वेळाने आपली आपण एक प्रत करतो आणि मशीनच्या पोटात, तात्पुरत्या फाइलींच्या अडगळीत टाकतो. काम नीट बंद केलं की ती प्रत तोच पुसतो. पण मशीन मध्येच आडवं झालं तर ती तिथेच पडून राहते. गुरुवारी धाकटी शाळेच्याच नकाशावर असताना मशीन गोठलं होतं. आईच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यातून बोलावणं आलं होतं, म्हणून बंद करून ती तशीच पळाली होती. दादाची केरसुणी त्या अडगळीपर्यंत पोचली असेल का, एवढाच प्रश्न होता.

पोचली नव्हती. शेकडो भलत्याच नावांच्या फाइलींमध्ये गुरुवारची एक होती. तिने ती दुसरीकडे उतरवून घेतली, नावाची शेपटी बदलली आणि उघडली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग शाळा उभी राहिली. वर्ग, व्हरांडे, आणि मधोमध तिचा रुंद जिना, पायरीला पायरी लागलेला.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट अंगाचा आणखी तिळपापड झाला. जे आपलंच होतं ते अडगळीतून हुडकून काढावं लागलं होतं.

"मिळाली?" दादा मागे येऊन उभा होता. "वाचलो! मी म्हटलंच होतं, तू काढशील काहीतरी मार्ग. आता एक कर. जिना तेवढा शनिवारच्या कागदासारखा कर. तासाचं काम आहे."

ती खुर्चीसकट वळली. "जागा संपली म्हणून उडवलेस ना रे बॅकअप?"

"म्हटलं ना मघाशी."

"मशीनमध्ये अर्ध्याहून जास्त जागा रिकामी आहे. आत्ता पाहिली मी. दूधखुळी समजतोस का मला?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पाहिलं नाही.

"मग काय करायचं होतं?" तो एकदम उसळला. "तू आल्या आल्या जुनी फाइल काढली असतीस आणि परत तुझा तो राजवाड्याचा जिना घातला असतास! तू ऐकतेस का कुणाचं? तो माणूस वर्षभराचं काम देतो आपल्याला. बाहेर पाटीवर बाबांचं नाव आहे, ते चालू ठेवायचं तर चार गोष्टी सोडाव्या लागतात."

"सोड ना. तुझ्या सोड. खालच्या चौकटीत माझं नाव कशाला ठेवलंस?"

"ते... राहिलं असेल."

"राहिलं नाही. जिना हलवलास, खोल्या वाढवल्यास, दारं फिरवलीस, तेवढं बरोबर जमलं. नाव तेवढं राहिलं! उद्या तिथे धूर झाला, पोरं त्या बोळात अडकली, तर लोक कागद काढून बघतील कुणी काढलं. तेव्हाही तू असाच कप घेऊन उभा राहशील आणि म्हणशील, हिचं लक्ष नव्हतं."

"तोंड सांभाळून बोल. मी मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"मोठा आहेस ना? मग बस." ती उठली आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली. "बस इथे. कर जिना अरुंद. आणि चौकटीत तुझं नाव घाल. बाबांचं नाही, माझं नाही. तुझं. मी स्वतः प्रिंट काढून देते त्याला."

दादा खरंच बसला. रागात बसला. माऊस डावीकडे घेतला, जिन्याची एक भिंत निवडली. रेघ तुटक झाली, सरकवायला तयार. वहिनी आता सरळ त्याच्याकडे पाहत होती. त्याने भिंत सरकवली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान. मग माऊस टेबलावर आपटून तो उठला, "तुम्हा बायकांना धंदा कळत नाही," म्हणाला, आणि दार आपटून बाहेर गेला.

"मी काय बोलले?" वहिनी पुटपुटली. ती खरोखरच काही बोलली नव्हती.

ठेकेदार दुपारी आला तेव्हा धाकटीने रुंद जिन्याचे नकाशे त्याच्यापुढे ठेवले. त्याचा गोडवा तिथल्या तिथे नासला. साहेब कुठे आहेत, मी त्यांच्याशी बोलतो, तुमच्याशी मला बोलायचंच नाही. त्याने फोन लावला. दादाने उचलला नाही. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायला वेळ नव्हता, उद्याची तारीख गेली तर काम तीन महिने लांबणार होतं.

"आणि सकाळी काय सांगितलं तुम्हाला, फाइल माझ्याकडून बिघडली?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडून नाही बिघडली. मी इथे नव्हते. एवढं लक्षात ठेवा."

"मला काय करायचंय तुमच्या घरच्या भांडणाशी," तो म्हणाला. नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि जाताना नमस्कारही केला नाही. त्या ऑफिसची पायरी तो पुन्हा चढला नाही.

नकाशे मंजूर झाले. दादाने ती बातमी वहिनीकडून ऐकली आणि "हं" म्हणाला. त्यानंतर कित्येक दिवस दोघं एकाच खोलीत बसून वहिनीमार्फत बोलत होती. तिला सांग, दवाखान्याचं ड्रॉइंग पाठव. त्यांना सांगा, पाठवलंय. धाकटीने बॅकअपचं सेटिंग परत चालू केलं आणि आपल्या मशीनला कुलूप घातलं. ते दादाच्या नाकाला झोंबलं. झोंबावं म्हणूनच तिने घातलं होतं.

आईची पट्टी सुटली त्या रविवारी सगळे तिच्याकडे जेवायला जमले. आईला आता लांबचं स्पष्ट दिसत होतं, आणि तिने पहिल्यांदा पाहिलं ते हे की दोन पोरं टेबलाच्या दोन टोकांना बसलीत.

"काय झालंय तुमचं?"

"काही नाही गं," दादा हसला. "ते कंप्युटरचं आपलं काहीतरी. फाइल उडाली एक."

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. गप्प बसायचं ठरवून आली होती. आईच्या डोळ्यांना त्रास नको, चार लोकांत शोभा नको, असं रस्ताभर स्वतःला बजावलं होतं. पण 'कंप्युटरचं काहीतरी' हे ऐकलं आणि तिने सगळं सांगितलं. ती नसतानाचा शनिवार, जिना, चौकटीतलं नाव, ठेकेदारासमोरचं खापर, काही म्हणून वगळलं नाही. आवाज चढत गेला आणि तिने तो चढू दिला. दादा मध्ये दोनदा "पूर्ण ऐक तरी" म्हणाला. शेवटी भरलं ताट तसंच टाकून तो बाहेर गॅलरीत निघून गेला.

वहिनी अर्धवट उठली. सवयीने धाकटीनेही खुर्ची मागे सरकवली.

"दोघी बसा," आई म्हणाली. "त्याला भूक लागली की येईल तो. तू जेव आधी, गार होतंय."

धाकटी जेवली. राग गेला नव्हता. पण भूक सडकून लागली होती.