सरासरीत बुडालेली भरती

खुलासा मागणारं पत्र टेबलावर आलं तेव्हा ती थर्मामीटरच्या नळ्यांना ग्रीस लावत होती. 'आपण बसवलेली यंत्रे सदोष असल्याने संस्थेचा खोल सागरी प्रवाहावरचा अहवाल चुकला. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली संचालक साहेबांची सही. वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समुद्र-संशोधन संस्थेतली यंत्रं ती एकोणीस वर्षं सांभाळत होती. हे चाळीस थर्मामीटर तिनेच दोरखंडाला ओवून तीन किलोमीटर खोल, समुद्रतळावरच्या एका डोंगरावर सोडले होते. त्या सफरीपायी धाकट्या बहिणीच्या लग्नाला जाणं हुकलं होतं. चौदा महिन्यांनी काढले तेव्हा एकही बंद पडलेला नव्हता.

ती तडक पंतोजींच्या खोलीत गेली. संगणकावर महासागराचं गणित मांडणाऱ्या या गृहस्थांना सगळे पंतोजीच म्हणत.

"माझे आकडे कुठे गेले?"

"आहेत ना, ताई. साहेबांनी फक्त दिवसाची सरासरी काढायला लावली."

पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ होती. मूळ आकड्यांत तर दर साडेबारा तासांनी पाणी गार होत होतं, पुन्हा उबदार होत होतं.

"अहो, ही भरती-ओहोटी आहे! डोंगरावरून पाणी मागेपुढे ढकललं जातं, आतल्या आत लाटा उठून फुटतात, वरची ऊब खाली मिसळते. म्हणून तर तळाचं गार पाणी हळूहळू वर येतं. ते वर आलंच नाही, तर एवढा मोठा खोल प्रवाह चालायचा कशावर? तुमच्या गणितात तो निम्माच का आला, कळलं?"

"साहेब म्हणाले, भरती किनाऱ्यावर बघायची असते."

"आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलावलीत!"

पंतोजींनी चष्मा काढून पुसला. "भरती घालून पुन्हा चालवतो. पण चार दिवस लागतील."

"मग खुलासा पाचव्या दिवशी."

पाचव्या दिवशी गणितातला प्रवाह प्रत्यक्ष मोजमापाशी बराच जुळला. मूळ आकड्यांची चळत तिने साहेबांसमोर आदळली, तेव्हा पेला कलंडून पाणी सांडलं.

"बाई, आवाज खाली! अनवधानाने झालं. पत्र मागे घेतो, विषय संपवा."

"मागे घेऊ नका. चूक माझ्या माथी मारताना कागद लागला ना? मग माझं उत्तरही कागदावरच राहील."

"पुढच्या सफरीचं अवघड होईल तुमचं."

"होऊ दे," ती म्हणाली. आवक विभागात उभी राहून तिने उत्तरावर शिक्का मारून घेतला.

सफरीच्या यादीत खरंच तिचं नाव नव्हतं. महिन्याभराने सुधारित अहवाल फलकावर लागला. भरतीचा हिशेब त्यात होता. प्रवाहही बरोबर होता. खाली साहेबांची सही, आणि वर एक ओळ: 'आमच्या नव्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे की...'

"नव्या?" ती एवढ्या जोरात ओरडली की शिपाई दचकला.

जागेवर येऊन तिने कोरा कागद ओढला. मागोमाग पंतोजी आले. खुर्ची सरकवून हळूच म्हणाले, "ताई, खाली माझीही सही घ्या."