सेलासीच्या खाटेखालून

मी एक जुनी गादी आहे मित्रांनो, आणि सगळ्यात आधी मी अराबाबद्दलचं गाऱ्हाणं सांगणार. ही मुलगी रोज सकाळी मला गुंडाळायची, सुतळीने करकचून आवळायची आणि सेलासीच्या खाटेखाली सारायची. चोरीचा माल दडवावा तशी. मी चोरीची नाही. तिच्या आईने मला भर बाजारात, चार बायकांच्या देखत विकत घेतलं आहे.

कारखान्यात आम्हाला फेसापासून करतात. तो फेस पावासारखा फुगतो आणि मग सुरीने त्याचे काप काढतात. जाड काप साहेबांच्या पलंगावर जातात. मी पातळ काप, विद्यार्थ्यांची गादी. पण माझ्यावर फुलाफुलांचं कापड शिवलं होतं, आणि तेव्हा माझ्यात जीव होता. मूठ रोवली तरी लगेच वर यायची.

अराबाची आई एस्सी सॉल्टपॉंड गावच्या किनाऱ्यावर मासे धुरावते, म्हणजे धुरावर सुकवून विकते. तिने मला हाताने दाबून पाहिलं आणि मग सरळ माझ्यावर बसली.

दुकानदार म्हणाला, "अहो बाई, झोपायची गादी आहे ती, बसायची नाही."

"माझं बूड पेललं तर माझ्या पोरीचं विद्यापीठही पेलेल," एस्सी म्हणाली.

सगळा बाजार हसला. माझं एवढं कौतुक पुढे कधी झालं नाही.

त्रोत्रो गाडीच्या टपावर बांधून मला राजधानीत आणलं. तिथे वसतिगृहातल्या खाटा सोडतीने देतात, कारण मुली फार आणि खाटा थोड्या. पहिल्या वर्षी अराबाचं नाव निघालं. मी लोखंडी खाटेवर चढले. तिने माझ्यावर धुतलेली चादर घातली, रविवारी मला ऊन दाखवलं. ते माझे चांगले दिवस.

दुसऱ्या वर्षी तिचं नाव निघालं नाही. फाटकाबाहेर खासगी वसतिगृहं आहेत, पण तिथे वर्षाचं भाडं एकदम मोजून घेतात, आणि ते फीपेक्षा जास्त. एस्सीने वर्षभर मासे धुरावले तरी तेवढं जमलं नसतं. मग अराबा, सोडतीत खाट मिळालेल्या सेलासीच्या खोलीत टेकली. फांदीवर पाखरू टेकतं तसं दुसरीच्या खोलीत टेकणाऱ्या खूप आहेत इथे. त्यांना टेकलेलीच म्हणतात. टेकलेलीने जमिनीवर झोपायचं. खाटेवर बसायचं नाही. रखवालदार फेरीला आला की तिची गादी दिसता कामा नये. आणि टेकलेलीवर दुसरी टेकत नाही.

सेलासी वाईट नाही, तोंडाळ आहे. "ए टेकलेल्या बाई, पाय आवर, माझी चप्पल तुझ्या उशीखाली गेलीय," असं म्हणायची आणि आपल्यातला गारी-साखरेचा, म्हणजे भिजवलेल्या कसाव्याच्या रव्याचा, वाडगा पुढे सरकवायची. यात लाजण्यासारखं काय होतं? अर्धं वसतिगृह टेकलेलं होतं.

पण अराबाने घरी सांगितलं नाही. आईचा फोन आला, "खोली कशी आहे गं?" की ही म्हणायची, "छान आहे, आई." एकदा सेलासी वर्गात गेलेली पाहून ती तिच्या खाटेवर, तिच्या निळ्या चादरीवर बसली आणि स्वतःचा फोटो काढून पाठवला. एस्सीने तो मासे धुरावणाऱ्या सगळ्या बायकांना दाखवला. मी खाटेखाली होते. मला काही वाटलं नाही. रोज रात्री अराबाच्या पाठीच्या ओझ्याने मी बसत चालले होते. दाबलेला खड्डा आता वर येत नव्हता.

मग अराबाच्या धाकट्या बहिणीला, एकुवाला, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक गावाजवळचं विद्यापीठ, तिथे फाटकासमोरच मावशीचं घर. दुसरं हे राजधानीचं. अराबा मला गुंडाळत असताना आईचा फोन आला.

"एकुवा तुझ्याकडेच येऊ दे," एस्सी म्हणाली. "तुझी खोली ती तिची खोली. मी तिला सांगितलंय, सोडतीत नावसुद्धा घालू नकोस. ज्या पोरीचं तिथे कोणी नाही, तिला मिळू दे ती खाट. आपल्याला कशाला?"

मित्रांनो, बोलायची वेळ हीच होती. मी अर्धी गुंडाळलेली तशीच पडून राहिले. अराबाचा हात माझ्यावर थांबला होता.

"हो आई," ती म्हणाली. आणि तिने सुतळी आवळली.

एकुवाने इथला प्रवेश घेतला. तिकडची जागा गेली. इथली सोडतही होऊन गेली.

एस्सी स्वतः तिला पोचवायला आली. डोक्यावर लाकडी पेटी, हातात शितोची बरणी, म्हणजे माशाचा काळा ठेचा. आत येताच ती निळ्या चादरीवर बसली. "हीच ना ती फोटोतली?" म्हणून तिने चादरीवरच माशांचं पुडकं सोडलं. तेवढ्यात सेलासी आंघोळ करून बादली घेऊन आली.

"ही कोण?" एस्सीने विचारलं.

अराबा म्हणाली, "ही... ही माझ्याकडे टेकलीय, आई."

सेलासी दारातच थांबली.

"अगं पोरी," एस्सी तिला म्हणाली, "तुझ्या आईला ठाऊक आहे का तू लोकांच्या खोलीत पडून असतेस ते? आता माझी दुसरी लेक आलीय. तुझं तू कुठेतरी बघ हो बाई. चांगल्या जाणत्या पोरी तुम्ही, असं दुसऱ्याच्या जिवावर राहू नये."

सेलासीने बादली खाली ठेवली. अराबाकडे पाहिलं. अराबा भिंतीकडे पाहत होती.

"हो काकू," सेलासी म्हणाली. "चुकलंच माझं."

"घे, मासा घे. उपाशी दिसतेस."

सेलासीने मासा घेतला. एस्सी दुपारच्या गाडीने समाधानाने परत गेली.

सेलासीने माशाचा वास लागलेली चादर काढली, घडी केली.

"ताई, ही खाट तुझी नाही?" एकुवाने विचारलं.

अराबाने वाकून मला बाहेर ओढलं. तेच तिचं उत्तर.

"मावशी माझ्यासाठी खोली झाडून बसली होती," एकुवा म्हणाली.

सेलासी म्हणाली, "टेकलेलीवर दुसरी टेकत नाही. एकीचीच जागा आहे. ही राहील, हिने मला काही म्हटलेलं नाही. मालकीणबाई, तुम्ही तुमचं बघा."

अराबा गेली. कुठे चर्चच्या बाकावर, कुठे मैत्रिणीच्या पायथ्याशी, तिलाच ठाऊक. मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. माझ्यात तेवढा फुगवटा उरला नव्हता.

आता एकुवा माझ्यावर झोपते. पुढच्या सोडतीची वाट बघते. रखवालदाराची फेरी नसते त्या दिवशी ती मला कठड्यावर टाकून दोन्ही बाजूंनी ऊन देते. मित्रांनो, गादीला ऊन देत जा, तिला उघड्यावर ठेवत जा. दडवलेली गादी आतून कुजते, वरून फुलं दिसतात.

काल अराबा मला न्यायला आली. सुतळी घेऊनच आली होती. एकुवा बाजूला सरली, अडवलं नाही. अराबाने माझं टोक धरलं, आणि मी तिला ऐकू जाईल असं म्हणाले:

"अराबा, तुझं नाव सोडतीत निघालं नाही, त्याचा दोष तुला कोणी देणार नाही. बहिणीचं नाव तू सोडतीत पडू दिलं नाहीस, तो दोष तुझा. एस्सी माझ्यावर बसली होती. तिचं वजन मला माहीत आहे, खरं ऐकून मोडणारी बाई नाही ती. सोड माझं टोक. आधी आईला फोन लाव, इथेच, हिच्यासमोर, आणि मासा कोणाच्या चादरीवर ठेवला ते सांग. मग हात लाव मला."