चादरीवाली

"हिचं पुटपुटणं एकदा थांबवा हो कुणीतरी! ऐन वेळी रडूबाई काय म्हणाली ते मला कळलंच नाही," पोस्टातल्या काकू कुरकुरल्या.

काकू शेजारच्या. पोस्टातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण नाव तेच राहिलं. त्यांच्याकडे टीव्ही होता, चांगला मोठा होता. पण एकटीनं मालिका बघण्यात काय मजा? शिव्या द्यायच्या तर त्या ऐकायलाही कुणी हवं. म्हणून रोज संध्याकाळी त्या या घरात कोचाच्या उजव्या टोकाला येऊन बसत. डाव्या टोकाला आई. मधे अंग चोरून, आईच्या कानाशी तोंड नेऊन, थोरली.

पुटपुटणं थोरलीचं होतं. आईची नजर गेल्यापासून पडद्यावर जे दिसेल ते तिनं कानात सांगायचं, हे ठरूनच गेलं होतं. "जिना उतरतेय. हातात किल्ल्या. मागे वळली." एवढंच. दोन माणसांच्या बोलण्यामधल्या फटीत मावेल इतकं. इस्त्रीच्या दुकानात कॉलरला चिठ्ठी टाचावी तसं ती वाक्य टाचून मोकळी व्हायची.

मालिका परदेशातली, आपल्या भाषेत आवाज दिलेली. एका बड्या हॉटेलची मालकीण आणि तिची विधवा सून. सुनेला सोसण्यापलीकडे काही काम नव्हतं, म्हणून काकूंनी तिचं नाव रडूबाई ठेवलं होतं. तरी ती रडायला लागली की काकूंचा पदर आधी ओला व्हायचा. मालकीण म्हणजे निव्वळ विष. तिचं तोंड दिसलं की काकू पायातली चप्पल चाचपायच्या.

आई तेवढी मालकिणीच्या बाजूची. कारण मालकिणीला आवाज दिला होता तो तिच्या धाकट्या लेकीनं.

"घराबाहेर काढलं सुनेला? बरं केलं. हॉटेल काय रडून चालतं?"

"मावशी, अहो तिनं म्हाताऱ्याची औषधाची बाटली बदलली!" काकू म्हणायच्या.

"काहीतरी कारण असेल. आवाजावरून कळतं मला. आतून दुखावलीय ती."

यावर काकू थोरलीच्या मांडीला चिमटा काढायच्या. थोरलीचा नवरा जेवणाच्या टेबलापाशी पेपरात डोकं घालून म्हणायचा, "एकच मालिका, एकच कोच, आणि बघणारा प्रत्येक जण वेगळंच काहीतरी बघतोय."

थोरली हसायची. पण ते हसू ओठांच्या खाली उतरत नसे. आईला न्हाऊ घालायची ती, नखं कापायची ती, डोळ्यांत थेंब टाकताना आईच्या शिव्या खायची तीच. आणि मालिका संपली की आई उशीला टेकून समाधानानं म्हणायची, "आज काय छान बोलली गं!" जशी काही धाकटी येऊन, तासभर पाय चेपून गेली.

थोरली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात काउंटरला होती. मागे वाफेचा फसफसाट, पुढे गिऱ्हाइकं. खिसे उलटे करायचे, डाग कशाचा ते विचारायचं, चिठ्ठी टाचायची. गिऱ्हाइकांना मालिकेचं वेड. "त्या मालकिणीला भर चौकात उभी करायला पाहिजे," असं कुणी म्हणालं की थोरली त्या माणसाच्या शर्टाची घडी जरा जास्तच जपून घालायची. इतरांचा सुट्टीचा दिवस जावा तसा तिचा तो दिवस जायचा. एकदा मात्र एक बाई कोट काउंटरवर टाकत म्हणाली, "बाई हलकट खरी, पण आवाज काय आहे हो! ऐकत राहावंसं वाटतं." टाचणी सरळ थोरलीच्या बोटात गेली. कोटावर लागलेलं रक्त तिनं स्वतःच थुंकी लावून काढलं.

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. "ताई, नवं घर लागलंय. आईसाठी वेगळी खोली आहे, उन्हाची. मी न्यायला येते तिला. कायमची. तू विचारून ठेवशील ना?"

"विचारते," थोरली म्हणाली.

आणि तिनं विचारलं नाही. नवऱ्याला फोनचं कळलं होतं, तोही गप्प. भिंतीपलीकडून काकूंना सगळंच कळायचं, त्याही गप्प. विचारलं तर आई काय म्हणेल ते थोरलीला पाठ होतं. तिला ते ऐकायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी पडद्यावर हॉटेलातला रिकामा कॉरिडॉर दिसत होता. नुसतं संगीत. सांगण्यासारखं काही नाही. आणि थोरलीच्या तोंडून निघालं, "कोपऱ्यात एक बाई उभी आहे. चादरींच्या घड्या घालतेय."

"कोण बाई?" आईनं मान वळवली.

"असेल कामाला. मालकीण तिच्या अंगावरून निघून गेली. बघितलंसुद्धा नाही."

काकूंनी पडद्याकडे बघितलं. मग थोरलीकडे. चिमटा काढायला उचललेला हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आईनं आपणहून विचारलं, "ती चादरीवाली आहे का आज?" होती. त्यानंतर ती रोजच असायची. मालकीण ओरडत असताना मागे उशांना अभ्रे चढवायची. रडूबाईच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवून निघून जायची. तिचे हात पाण्यानं चिरफाळलेले होते, केस कसेतरी वर बांधलेले होते, आणि जाताना ती दिवा मालवून जायची कारण इतर कुणाच्या ते लक्षात राहत नसे.

"ती बोलत का नाही काही?" आईनं विचारलं.

"तिला कोण विचारतंय?"

"लग्न झालंय का तिचं?"

"झालंय. नवरा पेपर वाचतो."

टेबलापाशी पेपर खाली आला आणि पुन्हा वर गेला.

आता आई मालकिणीबद्दल कमी आणि चादरीवालीबद्दल जास्त विचारू लागली. थोरलीला कुठलीतरी मोठी शर्यत जिंकल्यासारखं वाटे. धाकटी तिकडे काचेच्या खोलीत गळा खरवडून बोलत होती, आणि इथे जिला तोंड नाही, चेहरा नाही, जी मुळात नाहीच, ती बाई तिला भारी पडत होती. "बस बोलत!" ती मनात म्हणायची. पण अंथरुणावर पडली की कळायचं, ही शर्यत आपण एकट्याच पळतोय.

मग धाकटी आली. चाकांची बॅग, आईसाठी मऊ स्वेटर, दारातूनच "आई!" हाक. मालिकेत ज्याला नोकर थरथरतात तो आवाज. घरात मात्र तो लोण्यासारखा पसरला. आईनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. कान, हनुवटी, पुन्हा कान. थोरली चहा टाकायला आत गेली आणि साखर घालायची विसरली.

"म्हणून दाखव ना ते. 'माझ्या छपराखाली' वालं," आई म्हणाली.

धाकटीनं खांदे ताठ केले. "माझ्या छपराखाली राहायचं असेल, तर माझ्या सावलीला विचारून चाला!" काकू पायातली चप्पल चाचपायला लागल्या. आई टाळ्या वाजवून हसली.

मालिका लागली. कोचाच्या मधल्या जागेत आज धाकटी बसली. थोरली मागे कपाटाशी उभी राहून धुतलेले कपडे लावू लागली, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

"सांग गं काय चाललंय," आई म्हणाली. धाकटी सांगू लागली, भरभरून, अभिनयासकट. थोडा वेळ आईनं ऐकलं. मग विचारलं, "चादरीवाली आली का?"

"कोण?"

"ती नाही का, घड्या घालते ती. बोलत नाही."

"अशी कुणी नाहीच आहे, आई. प्रत्येक भाग मी दहादा बघितलाय."

"असते हो," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "मागच्या बाजूला असते. तू आपलं बोलण्याच्या नादात बघितलं नसशील."

"काकू, मी सांगते ना..." धाकटी वळली. थोरली हातात चादर धरून उभी होती, अर्धी घडी घातलेली. धाकटीनं चादरीकडे बघितलं, मग थोरलीच्या हातांकडे.

"नाहीये ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "घडी घालायच्या आधी चादर झटकावी लागते, फटकन आवाज होतो. ही बाई इतके दिवस घड्या घालतेय आणि एकदाही ऐकू आलं नाही."

"मग विचारत का होतीस रोज?" थोरलीचा आवाज चिरकला.

"तिचं विचारलं की तू बोलायचीस. नाहीतर जिना, किल्ल्या, दार. तार आल्यासारखं."

धाकटीनं रिमोट उचलून आवाज बंद केला. पडद्यावर मालकीण नुसतेच ओठ हलवत राहिली. "आई, ताईनं तुला विचारलं असेलच. चल माझ्याकडे. रोजचं सगळं मी सांगेन तुला. खरं खरं."

"विचारलं नाही मी," थोरली म्हणाली. "काय विचारायचं? ने तिला. तिला तर तूच..."

"बोल ना, पुरं कर," आई म्हणाली.

थोरलीनं चादरीचं टोक टोकाला जुळवलं.

"मग मीच बोलते. धाकटी मला जास्त आवडते. लहानपणापासून. थोरले, तुला ते माहीत आहे, हिलाही माहीत आहे, आणि या काकूंना तर भिंतीतून माहीत आहे." आईनं अंदाजानं हात पुढे केला, तो धाकटीच्या गुडघ्यावर पडला, तिथे एकदा थोपटून तिनं तो उचलला आणि मागे, कपाटाच्या दिशेनं, हवेत धरून ठेवला. "म्हणूनच मी तिच्याकडे जाणार नाही. एखाद्या दिवशी ती दमून येईल आणि माझ्यावर ओरडेल, आणि ते मला सोसायचं नाही. तू ओरडलीस की मला उलटं ओरडता येतं."