गोठ्यातला कंप्रेसर

संयोगिताला राग लवकर येत नाही, असं तिच्या माहेरची माणसं सांगत. पण माहेरच्यांचं काय, पोरीचं लग्न जमवायचं असतं तेव्हा सगळेच असं सांगतात. राग तिला लवकरच येई, आणि त्या वर्षी चैत्रात जो आला तो मुक्कामालाच राहिला.

निमित्त झालं रेशमाच्या किड्यांचं. म्हसवडजवळच्या वाडीत दिलेल्या या सांगलीच्या पोरीनं दोन वर्षांपूर्वी घरच्या विहिरीवर तुती लावली. तिचं बघून वस्तीवरच्या चंद्राबाईनं आणि आणखी तिघींनी बाजरीचं रान मोडून तुती केली. किड्यांची अंडी वाईच्या रेशीम केंद्रातून आणायची, कागदावर चिकटलेली, खसखशीएवढी. गार राहिली तर त्यातून किडे निघतात, तापली तर कागद चुलीत घालायचा. केंद्र उघडणार दहाला, आणि वाईहून माण तालुक्यात यायचं म्हणजे अख्खी दुपार डोक्यावर घ्यायची. तरी दोन वर्षं अंडी सुखरूप आली, कारण संयोगिताच्या काँटेसा मोटारीला एसी होता.

गाडी तिचीच. तिच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, लग्नात आपली वापरातली गाडी लेकीला दिली होती. "माणात ऊन लय हाय, माझी पोर भाजंल," असं चारचौघांत म्हणाले होते. पण गाडी पेट्रोल फार पिते म्हणून तिच्या नवऱ्यानं, उदयसिंहांनी, हिवाळ्यात मलकापूरच्या कोंडीबा मिस्त्रीकडून तिच्यात एका मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन घालून घेतलं. गाडी घरी आली ती पिठाच्या गिरणीसारखी धडधडत, आणि एसी बंद.

"डिझेल इंजिनाला एसी बसत नाही," उदयसिंह म्हणाले. "जागाच नसते."

नवरा ठामपणे बोलला की खरंच असणार, असं तिला तोवर वाटत होतं. चैत्रात ड्रायव्हरला घेऊन ती वाईला गेली, अंड्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली. काचा उघड्या टाकल्या तर भट्टीचा वारा आत, मिटल्या तर इंजिनाची धग. पाचही घरची अंडी मेली.

"वैनीसाब," चंद्राबाई म्हणाली, "फुडची खेप बी अशीच गेली तर मी तुती उपटनार बघा. माजी पोरं काय पाला खात्यात व्हय?"

चंद्राबाईचं काही चुकत नव्हतं, आणि तेच संयोगिताला झोंबलं. तुती तिच्या शब्दावर लागली होती. पुढची खेप तीन आठवड्यांवर आली होती.

त्यातच एका दुपारी म्हसवडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्या गाडीतून घरी सोडलं. गाडी डिझेलची, आणि पायांवर गारेगार वारा. संयोगितानं तीनदा विचारून खात्री करून घेतली. दारात उतरली ती घरात गेलीच नाही. ड्रायव्हरला हाक मारली आणि तडक मलकापूर गाठलं.

कोंडीबा एका जीपखाली झोपून काम करत होता. बाईमाणूस बघून तो घाईनं बाहेर आला, हात पुसायला लागला.

"मालकांना धाडायचं की. तुमी कशापायी उनाचं..."

"मालकांना सगळं कळतं, मला काही कळत नाही, म्हणून मी आले. डिझेल इंजिनाला एसी बसतो का नाही?"

"बसतो की! न बसायला काय झालं? कंप्रेसरला नवं ब्रॅकेट करायचं, पट्टा बदलायचा, नळ्या वाकवून घ्यायच्या, म्होरं एक फॅन ज्यादा लावायचा, आन सांगलीत जाऊन ग्यास भरायचा."

"मग का नाही बसवलास?"

"कंप्रेसर कुटं हाय?" कोंडीबा म्हणाला, आणि जीभ चावली. पण आता उशीर झाला होता, ती समोरून हलेना. "आवं, त्येच्याबिगर एसी म्हंजे नुसतं डबडं. मालक तर घिऊन गेलं त्यो. पंचायत समितीच्या सभापतींच्या गाडीचा जळला हुता म्हणं. मला म्हणलं, घरनं कुणी इचारलं तर बसत न्हाई म्हणून सांग. माजं नाव नका घिऊ, वैनीसाब."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. तुळशीपत्र ठेवणारा नवरा, आणि घर सासऱ्याचं. संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती मलकापूर ते म्हसवड विझली नाही. रात्री जेवताना तिनं पहिली भाकरी वाढली आणि तोंड उघडलं.

"सभापतींना गार वाटतंय ना आता?"

उदयसिंहांनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी आवाज चढवला. खोटं उघडं पडलेल्या पुरुषाकडं दुसरं असतं तरी काय?

"जिल्हा परिषदेचं तिकीट आहे ते! नाथाजीराव माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. एक कंप्रेसर गेला तर काय आभाळ कोसळलं?"

"तुमच्या आबांची बंदूक द्यायची होती. खिलारी खोंड द्यायचा होता. माझ्या बापाच्या गाडीचं काळीज काढून का दिलंत?"

"हळू बोल. गडी ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्याही घरात तुती आहे. उद्या सकाळी दोघांनी जायचं आणि कंप्रेसर परत मागायचा. नाही आलात तर मी एकटी जाते, आणि तिथं मी काय बोलेन ते माझं मलाच माहीत नाही."

ती काय बोलेल या भीतीनंच उदयसिंह आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले.

सभापती नाथाजीराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चहा मागवला, पाऊसपाण्याचं विचारलं. उदयसिंह कपाकडं बघत बसले. शेवटी संयोगिताच म्हणाली, "आमचा कंप्रेसर न्यायला आलोय."

"कंप्रेसर? कसला बरं?"

"साहेब, तो... मी थंडीत दिला होता, आपल्या गाडीसाठी..." उदयसिंह पुटपुटले.

"हां, हां!" नाथाजीरावांनी आत बघून हाक दिली. "अर्जुना, उदयसिंहांनी दिलेलं ते लोखंड कुटं टाकलं रं?"

"गोठ्यात हाय की," गडी म्हणाला. "आपल्या गाडीला मुंबईचा नवा बशिवला न्हवं का, तवापासनं."

गोठ्यात पेंडीचं एक पिंप होतं. शेळ्यांनी झाकण पाडू नये म्हणून त्याच्यावर वजन ठेवलं होतं. ते वजन म्हणजे लालासाहेबांच्या गाडीचा कंप्रेसर. कोंडीबानं भोकांत ठोकलेली रबरी बुचं जशीच्या तशी होती. तो एकदासुद्धा कुठल्या गाडीला लागला नव्हता.

"न्या की," नाथाजीराव हसत म्हणाले. "आमी दुसरा दगूड ठिवू."

संयोगिताला वाटलं, ते पिंप लाथेनं पाडावं. चोरून दिला तो दिला, निदान कुणाच्या कामाला तरी यायचा होता! पाच घरची अंडी मेली, चंद्राबाईची पोरं आशेला लागून बसली, ती शेळ्यांनी पेंड खाऊ नये म्हणून? तिनं नवऱ्याकडं पाहिलं. उदयसिंहांनी तो जड कंप्रेसर स्वतः उचलला. पांढऱ्या सदऱ्यावर काळं तेल उतरलं, चेहऱ्याचा रंगही फार वेगळा नव्हता. तिला दया आली नाही. उलट, एवढ्यासाठी हा माणूस आपल्याशी खोटं बोलला, या विचारानं राग दुप्पट झाला.

कोंडीबानं ब्रॅकेट केलं, फॅन लावला, सांगलीत गॅस भरून आणला, आणि एकाच गोष्टीची तंबी दिली. टेम्पोचं इंजिन आधीच तापट, त्याला एसीचा भार झेपतो तेवढाच. काचा घट्ट मिटलेल्या असल्या तरच गाडी गार राहील. एकदा गरम वारा आत आला की उन्हं उतरेपर्यंत पुन्हा गार व्हायची नाही.

खेपेच्या दिवशी संयोगितानं ड्रायव्हरला सुट्टी दिली. "तुम्ही चालवायची," ती नवऱ्याला म्हणाली. गोठ्यातून आल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

वाईहून डबा घेतला. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं, गाडीत पहाटेसारखं गार. दहिवडीच्या चौकात लिंबाखाली चार माणसं उभी दिसली. मध्ये नाथाजीराव. त्यांनी गाडी ओळखली आणि हात वर केला.

माणात वडीलधारं माणूस रस्त्यात दिसलं की गाडी थांबवायची, काच खाली घ्यायची आणि रामराम घालायचा. काच वर ठेवून पुढं गेला तो माजला, असं समजतात. आणि इथं तर तिकीट मिळवून देणारा माणूस! उदयसिंहांचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर आला, हात काचेच्या हँडलवर गेला. बाहेर डांबर पाघळत होतं.

"उघडा," संयोगिता म्हणाली. "खुशाल उघडा. मात्र चंद्राबाईला जाऊन तुम्ही सांगायचं."

उदयसिंहांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा लिंबाखाली. मग हँडलवरचा हात काढला आणि गाडी दामटली. नाथाजीरावांचा हात वरच राहिला. बरोबरची माणसं वळून वळून बघत होती.

गाव मागं पडलं.

"गेलं तिकीट," उदयसिंह म्हणाले. बायकोकडून एखादा बरा शब्द यावा, असं त्यांना वाटत असावं.

"मी अजून तुमच्याशी बोलत नाहीये," संयोगिता म्हणाली. "वारा डब्याकडं फिरवा."

त्यांनी फिरवला.