श्रावणातली तात

हलीमाबीचं पत्र आलं तेव्हा भगवंतराव अमरावतीच्या घरी ओसरीवर बसून आपल्याच पुस्तकातल्या छपाईच्या चुका शोधत होते. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. आता माघ उजाडला होता, तरी उत्तर गेलं नव्हतं.

पत्र लहानच होतं. "पंतोजींस हलीमाबीचा सलाम. तुम्ही मोर्शीच्या शाळेत होता तेव्हा माझे घरवाले अय्युब पिंजारी दर साल तुमच्या अंगणात गाद्यांचा कापूस पिंजत. तुमच्या पुस्तकात मोर्शीच्या वाटेवर खून करणारा पिंजारी डावखुरा आहे, त्याचा उजवा कान फाटका आहे आणि काम करताना तो नाकात गुणगुणतो, असं लोक सांगतात. आमच्या गावात असा दुसरा कोणी नाही. आता त्यांना कोणी दारात उभं करत नाही. काम शोधायला ते कुठेतरी निघून गेले. छापलेलं खोटं नसतं म्हणतात. तर मला एवढंच लिहा, त्यांनी हे केलं काय? मला त्यांच्यासोबत संसार करायचा आहे."

अक्षर तिच्या भाच्याचं, शफीकचं होतं. ते वळण भगवंतरावांनीच त्याच्याकडून पाटीवर घोटून घेतलेलं. त्यामुळे पत्र उघडलं की वाटे, आपणच आपल्याला जाब विचारतो आहोत.

उत्तर एका ओळीचं होतं. नाही, बाई, मी सगळं मनाने रचलं. पण ती ओळ भगवंतरावांना लिहिता येईना. पहिला मसुदा चार पानांचा झाला. दुसऱ्यात त्यांना आपलीच तरफदारी दिसली. तिसरा लिहिताना सूर्यभान आला.

सूर्यभान कापसाचा दलाल. अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दोन-तीन वर्षांत तो वर आला होता. बायको वारल्यावर भगवंतरावांनी वेळ जाईना म्हणून एक गोष्ट लिहिली होती. मुंबईहून आलेला एक अनोळखी दलाल, त्याचा वाटेत झालेला खून आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीला, कापूस पिंजायच्या त्या धनुष्याला, असते ती आतड्याची दोरी, म्हणजे तात. गळ्याभोवती तात आवळून खून. सूर्यभानने ती ऐकली आणि मुंबईच्या शिळाछापखान्यात स्वखर्चाने छापून आणली. पहिल्या पानावर 'खरी हकीकत' हे दोन शब्द त्याने आपल्या मनाने घातले.

"उत्तर-बित्तर काई देऊ नका," तो त्या दिवशी म्हणाला होता. "खोटं आहे असं तुमच्या हातचं लेखी बाहेर गेलं, का पुस्तक मेलं. लोकाईले खरं पाह्यजे, पंतोजी. गोष्टी तं त्याईची आजीही सांगते."

"पण त्या बाईचा नवरा..."

"नवरा पुरुष गडी आहे. आज इथं काम, उद्या तिथं. तुमी काहून जीव जाळून राहिले?"

भगवंतरावांनी तिसरा मसुदा मिटला. सूर्यभानचं पटलं असं नव्हे. कोणी ठासून बोललं की त्यांना समोरच्याचंच खरं वाटू लागे, हा त्यांचा जन्माचा दोष.

मग फिरती सुरू झाली. बाजाराच्या गावी जायचं, कापसाच्या गाड्या जिथे मोजमापासाठी ताटकळत उभ्या असतात तिथे वाचन करायचं आणि वाचन संपताच पुस्तकं विकायची. अमरावतीच्या बाजारात पहिलं वाचन झालं. भगवंतराव कापसाच्या एका गासडीवर बसले आणि त्यांनी पहिलं पान दोनदा उलटून पाहिलं. पण वाचू लागले आणि आपण कोण, कुठले, सगळं विसरले. दोनशे गाडीवान बैलांना चारा टाकायचं विसरून ऐकत होते. दलालाच्या गळ्याभोवती तात आली तेव्हा कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हणालं, आणि भगवंतरावांना इतका आनंद झाला की नंतर त्यांना त्याची लाज वाटली.

"पंतोजी, तो पिंजारी सापडला काय?" मागून एकाने विचारलं.

भगवंतरावांनी तोंड उघडलं. सूर्यभान त्यांच्या आधी बोलला, "शोध सुरू आहे जी! फाटक्या कानाचा कोनी दिसला तं ध्यान ठेवजा!"

सगळे हसले. पण हसता हसता दोघा-तिघांनी आजूबाजूच्या माणसांचे कान पाहिले, हे भगवंतरावांच्या नजरेतून सुटलं नाही. पत्र त्यांच्या बंडीच्या खिशात होतं. त्यांनी ते काढून पिशवीत ठेवलं. बडनेऱ्याला पिशवीतून पुन्हा खिशात आणलं. तिथून पुढे बैलांची दमणी हिंदकळत राहिली आणि ते पत्राची जागा बदलत राहिले. बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. आगगाडीच्या रस्त्यासाठी मजूर वाटेत मातीचे बांध घालत होते. ते पाहून त्यांच्या मनात आलं, ही गाडी सुरू झाली की माझी गोष्ट एका दिवसात कुठल्या कुठे पोचेल.

मुर्तिजापूरला धर्मशाळा झाडणारी पार्बताबाई पाणी घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "काल एक पिंजारी आल्ता दारात. मी हाकलून देला. तुमच्या पुस्तकाचं आयकलं होतं नं बाजारात."

"कान फाटका होता त्याचा?" भगवंतरावांनी घाईने विचारलं.

"फाटका कशाले? चांगला धडधाकट होता कान. पन पिंजारी तो पिंजारी. घरात पोरीबाळी आहेत माह्या."

त्या दुपारचं वाचन भगवंतरावांनी पोट दुखतं म्हणून टाळलं. सूर्यभानने ते स्वतः केलं, आणि त्यात खून एकाऐवजी दोन केले.

मुर्तिजापूर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी ते अकोल्याला पोचले. सूर्यभानची थोरली बहीण गोदाबाई ताजनापेठेत राहत असे. नवऱ्यामागे तिने कापसाची वखार एकटीने सांभाळली होती, आणि सूर्यभान अख्ख्या वऱ्हाडात फक्त तिलाच भीत असे. वाचन दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिच्याच वखारीच्या अंगणात ठरलं होतं. सूर्यभान बाजारात दवंडी द्यायला निघून गेला आणि भगवंतराव हातपाय धुवायला मागच्या अंगणात आले.

आधी आवाज ऐकू आला. तक् तक् तुंय, तक् तक् तुंय. लाकडी मोगरी तातीवर पडत होती आणि कापसाचा ढग अंगणभर उडत होता. त्या आवाजाखालून कोणीतरी नाकात गुणगुणत होतं. भगवंतरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ढगात एक माणूस बसला होता. मोगरी डाव्या हातात. डोक्याला आणि दोन्ही कानांना फडकं घट्ट बांधलेलं.

"सलाम, पंतोजी," अय्युब म्हणाला आणि त्याने मोगरी खाली ठेवली. "आले तुमी. मले वाटलंच होतं. अकोलाच राह्यला होता तुमचा."

"अय्युबमिया, मी..."

"बसा नं. कापूस लागन अंगाले, पन बसा." त्याने पोतं पुढे सरकवलं. "मोर्शी सुटली तं अमरावतीले आलो. तिथं तुमी वाचलं. बडनेऱ्याले गेलो, मांगून तुमी आले. इथं या बाईनं पाच रजयांचं काम देलं. तीन झाल्या. उद्या तुमी वाचसान अन् मी जाईन. आता पुढं बाळापूर. तिथं कदी येता, ते सांगून ठेवा, म्हंजे मी आधीच निंघतो."

तो रागावून बोलला असता तर भगवंतरावांना सोपं गेलं असतं. पण तो पाऊसपाण्याची चौकशी करावी तसा विचारत होता.

"मी तुम्हाला पाहून लिहिलं," भगवंतराव कसेबसे म्हणाले. "खून नाही. हात, कान, गुणगुणणं. मला दुसरा पिंजारीच माहीत नव्हता. तुम्ही अंगणात काम करत होता आणि मी खिडकीतून पाहत बसायचो. मला ते फार आवडायचं."

"आवडलं म्हून खुनी केलं काय?" अय्युब हसला. मग म्हणाला, "मले एक करा, पंतोजी. मले वाचता येत नाई. तुमी काय लिवलं ते जो तो ऐकते, पन मले कोनी सांगत नाई. मी काय केलं ते तं कळू द्या मले."

नाही म्हणायला भगवंतरावांकडे तोंड नव्हतं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तेच प्रकरण वाचायला घेतलं. सुरुवातीला श्रावणातल्या झिमझिम पावसाचं वर्णन होतं. सगळ्या पुस्तकात त्यांना स्वतःला आवडलेली तेवढीच दोन पानं. ओली झाडं, वाटेवरचा चिखल, आणि त्या सरींतून धनुकली खांद्यावर टाकून गुणगुणत येणारा पिंजारी.

"थांबा, थांबा," अय्युब म्हणाला. "कोनता महिना?"

"श्रावण."

"सरावनात? पान्यात? धनुकली घेऊन?" त्याने तातीवर बोट ठेवलं. "अहो पंतोजी, हे आतडं आहे. वल लागली का ढिली पडते, दोरीसारखी लोंबते. कापूसही वला. सरावनात कोनता पिंजारी बाहेर निंघते? चार महिने आमी दुसऱ्याच्या वावरात निंदन करतो. तात तवा चुलीवर आढ्याले टांगून असते, धुरात, फडक्यात गुंडाळून. हलीमा टांगते. मले हातसुदा लावू देत नाई." तो आता पोट धरून हसत होता. "अन् तुमचा खुनी वली तात घेऊन चालला गळा आवळाले!"

भगवंतरावांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. बारा वर्षं दर दिवाळीला हा माणूस त्यांच्या अंगणात येत होता. दिवाळीलाच का, पावसाळ्यात का नाही, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. पाऊस सुंदर लिहिता येईल म्हणून त्यांनी श्रावण घातला होता. पुस्तकातली सगळ्यात देखणी पानं सगळ्यात अडाणी निघाली.

मग त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि तेही वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

अय्युबचं हसणं थांबलं. तो मोगरीला चिकटलेला कापूस काढत बसला.

"मले नाई विचारलं तिनं," तो म्हणाला. "निंघालो तवा भाकरी बांधून देली, पन विचारलं नाई. आता समजलं. माहा शब्द कुठं अन् तुमचा छापा कुठं." त्याने वर पाहिलं. "हे कदीचं आहे?"

"दिवाळीनंतरचं."

"अन् आता माघ आहे."

"हो."

अय्युबने पुढ्यातला कापूस सारखा केला. त्याने डाव्या हातात मोगरी घेतली. तक् तक् तुंय सुरू झालं, पण त्याखालचं गुणगुणणं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गोदाबाईच्या वखारीचं अंगण भरलं. गासड्यांवर, गाड्यांच्या दांड्यांवर, भिंतीवर माणसं. बायका ओसरीत. अय्युबने आपली पथारी बांधून ठेवली होती आणि तो मागच्या दाराशी उभा होता. भगवंतराव वाचू लागले. नेहमीप्रमाणे अंगण चिडीचूप झालं, आणि त्या शांततेचा मोह त्यांना नेहमीप्रमाणे झालाच. आणखी एक पान, असं म्हणत म्हणत ते श्रावणापर्यंत आले. तिथे त्यांनी पुस्तक मिटलं.

"मंडळी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुढच्यांनाच कळलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मंडळी, इथे माझी चूक झाली आहे. श्रावणात पिंजारी धनुकली घेऊन निघत नाही. तात ओल धरते. मला हे माहीत नव्हतं. हा पिंजारी कधी कुठे नव्हता. तो दलालही नव्हता. मी घरी बसून हे रचलं."

सूर्यभान उठून उभा राहिला. तेवढ्यात ओसरीतून गोदाबाईचा आवाज आला.

"आता पाहा! सरावनात पिंजारी? माह्या जन्मात नाई पाह्यला म्या! अन् तुमी सारे माना डोलवून राहिले, कापसातले शहाणे!"

अंगणात असा हशा उसळला की बैल बुजले. पण हसणं ओसरल्यावर एक गाडीवान चिडून म्हणाला, "मंग आमी इतका वेळ काय ऐकून राहिलो?"

"गोष्ट," भगवंतराव म्हणाले.

"मंग पह्यल्या पानावर खरी काहून लिवली?"

भगवंतरावांनी सूर्यभानकडे पाहिलं नाही. "ती दुसरी चूक," ते म्हणाले.

लोक कुरकुरत पांगले. एक म्हातारा जाता जाता शेजाऱ्याला सांगत होता, "भेला बिचारा. कोनी तरी धमकावलं असन." भगवंतरावांनी ते ऐकलं. सगळेच मानतील असं त्यांना वाटलंही नव्हतं.

"पंतोजी," सूर्यभान दात खाऊन म्हणाला, "तुमी आपल्या हातानं आपलं पुस्तक मारलं."

"सूर्या," गोदाबाई म्हणाली, "जेव अन् गप बस. अन् ओ पिंजारीभाऊ, पथारी कुठं चालली? दोन रजया कोन भरन?"

अय्युबने पथारी खाली ठेवली. कानावरचं फडकं मात्र त्याने सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतरावांनी बोरू टोकदार केला. पिंजण्याचा आवाज मागून येत होता.

"काय लिवता तिले?" अय्युबने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुम्ही सांगा."

"जास्त काई नको. सरावनात तात कुठं असते, एवढंच विचारा. तिले समजन."

भगवंतरावांनी लिहिलं. "हलीमाबीस भगवंतरावाचा सलाम. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. अय्युबमियांनी काही केलं नाही. मी सगळं मनाने रचलं, आणि रचतानाही चुकलो. पुस्तकातला खून श्रावणातला आहे. श्रावणात तात कुठे असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अय्युबमिया अकोल्याला गोदाबाईंच्या वखारीत आहेत, काम संपलं की येतील. उत्तराला तीन महिने लावले, त्याची माफी मागायची हिंमत होत नाही."

पहिल्यांदाच पत्र एका पानात मावलं होतं. ते घेऊन ते डाकघरात गेले. मुनशीने तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पत्र थैलीत टाकलं. भगवंतराव दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"एक शब्द बदलायचा होता," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीतला."

मुनशी थैलीच्या तोंडाला गाठ मारत होता. "आता नाई जी," तो म्हणाला, आणि त्याने ती बाहेर उभ्या असलेल्या हरकाऱ्याच्या खांद्यावर दिली.