राक्षसाच्या जबड्यात हात

आमच्या दादाने आयुष्यभर प्रत्येक वस्तू वजनावर घेतली. भंगाराचा धंदाच तसा. तांबं असो, पत्रा असो, नाहीतर मोडकी शिलाई मशीन, काट्यावर टाकायची आणि भाव करायचा. कुत्राही त्याने तसाच घेतला. छाती बघितली, मान बघितली, जबडा बघितला. विकणारा म्हणाला, "पिटबुल आहे शेठ, चोराला उभा फाडेल." झालं. दादाने त्याचं नाव राक्षस ठेवलं, फाटकावर कवटीचं चित्र टांगलं आणि फाटकाचं मोडकं कुलूप बदलायचा विचार कायमचा सोडून दिला.

मी गोदामाच्या काट्यावर बसते. बाबांनी जाताना गोदाम आम्हा दोघांच्या नावावर केलं, पण हे दादाला फक्त माझ्याकडून काम करून घेताना आठवतं. तर हा राक्षस पहिल्याच आठवड्यात माझ्या चपलांवर डोकं ठेवून घोरायला लागला. गिऱ्हाईक आलं की नुसती शेपटी नाही, मागचा अर्धा कुत्रा हलायचा. लोखंड कापणारा आमचा जुना कामगार, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, तो म्हणायचा, "ताई, असे राक्षस असतील तर मी नरकात जायला एका पायावर तयार आहे."

दुसरा कुत्रा दिसला की मात्र त्याचा नूर बदलायचा. मानेवरचे केस ताठ, नजर तिकडेच. म्हणून मी त्याला आखूड पट्ट्यावर, मोकळ्या रस्त्याने फिरवायची. अंगावर पुरळ उठलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, याचे केस आखूड, याला थंडी बाधते, सिमेंटवर झोपवू नका, खाली जाड गोणपाट घाला. रोज दमेस्तोवर पळवा, चघळायला कडक रबर द्या. आणि एकटा बांधून ठेवू नका, माणसावाचून हा कुत्रा झुरतो.

"मग लोक याला एवढे टरकतात का?" मी विचारलं.

"याच्या पूर्वजांना आधी बैलांच्या अंगावर सोडायचे. ते बंद पडल्यावर खड्ड्यात कुत्र्यांचीच झुंज लावायला लागले. आता गंमत बघा, ती झुंज सोडवायला माणूसच खड्ड्यात उतरायचा. रक्त उडतंय आणि हा मधे हात घालतोय. त्यात जो कुत्रा माणसाला चावला, त्याची पिल्लं कुणी घेत नसे, असं सांगतात. म्हणून कुत्र्यांशी वैर आणि माणसांशी गूळपीठ. पण छळलं तर कुठलाही कुत्रा चावतो हं. हाही."

मग त्यांनी खणातून लाकडाची एक चपटी पाचर काढून दाखवली. "आणि याने काही धरलं तर मारू नका. माराने हा आणखी घट्ट धरतो. ही दाढांच्या मागे घालायची आणि पिळायची." तसली एक पाचर मी तुटक्या फळीतून तासून घेतली आणि काट्याच्या खिडकीत ठेवून दिली.

मग चोरी झाली. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. दोघं जण फाटक ढकलून आत आले, तांब्याच्या तारेची भेंडोळी हातगाडीत भरली, आणि राक्षस त्यांच्यासमोर उताणा पडून पोट पुढे करत होता. एकाने ते खाजवलंही. कामगार हसले, शेजारचे गाळेवाले हसले, आणि ते हसणं दादाच्या जिव्हारी लागलं. मी म्हटलं, कुलूप मोडकं होतं. तर माझ्यावरच उखडला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि आमचं अंगण चार पायांचं.

"तू लाडावून ठेवलंस त्याला," दादा म्हणाला. "आता मी त्याचा कुत्रा करतो."

वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मला तेव्हा दिसलं. पत्रे दाबायच्या मशीनमागे, जिथे दिवसभर कानठळ्या बसतात, तिथे त्याला हातभर साखळीने बांधलं. कुणीतरी सांगितलं म्हणे, तिखटाने कुत्रा तापट होतो, म्हणून खाण्यात तिखट कालवलं. आणि रोज सकाळी मी यायच्या आधी ठिणगीला सळई घेऊन त्याला डिवचायला लावायचा. मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तिखटाचा डबा मी गटारात ओतला, साखळी सोडली, दादाला कामगारांदेखत नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी कुत्रा पुन्हा बांधलेला. मी सोडायची, तो बांधायचा. ठिणगी मान खाली घालून म्हणाला, "पोटाचा प्रश्न आहे ताई." मला त्याचाही राग आला, आणि तो अजून आहे.

एके सकाळी ठिणगी सळई घेऊन मशीनमागून जात होता. डिवचायला नाही, स्वतःच्या कामाला. राक्षसाला ते काय ठाऊक? त्याने सळई बघितली आणि ठिणगीची पोटरी धरली.

आरडाओरडा ऐकून मी धावले. कामगार फळकुटांनी त्याच्या पाठीत हाणत होते आणि प्रत्येक तडाख्यासरशी त्याचे दात आणखी रुतत होते. मी पाचर घेऊन आले, ओरडून सगळ्यांना मागे हटवलं, राक्षसाच्या पाठीवर दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि एका हाताने त्याचा पट्टा धरला. दुसऱ्या हाताने पाचर दाढांमागे सरकवली. माझी बोटं त्याच्या दातांना लागत होती. पाठीवर वळ, तोंडात रक्त, आणि मधे माझा हात. मी पाचर पिळली. त्याने पोटरी सोडली. माझ्या बोटाला साधं खरचटलंही नाही. मग तो थरथरत माझ्या मांडीत शिरला.

आणि दादा काय म्हणाला? जखमेतून रक्त वाहतंय, ठिणगी कळवळतोय, आणि दादा म्हणाला, "बघ! झाला की नाही कुत्रा!"

हा आनंद दुपारपर्यंतही टिकला नाही. टाके घालून आणल्यावर ठिणगीचा मेहुणा तक्रारीची भाषा करू लागला, तसा दादा तडक फिरला. कुत्रा पिसाळलाय, त्याला आजच संपवा, असा डॉक्टरबाईंना निरोप गेला. म्हणजे यानेच बिघडवायचा आणि यानेच मारायचा.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पट्टा वर सरकवला, तर खाली मान सोलून चिघळलेली. तोंड उघडून बघितलं, आत सगळीकडे फोड. त्या बघत होत्या आणि राक्षस त्यांचं मनगट चाटत होता.

"धोकादायक जात आहे बाई," दादा म्हणाला. "रक्तातच असतं यांच्या."

कोपऱ्यात पाय लांब करून बसलेला ठिणगी पहिल्यांदा बोलला. "शेठ, रोज मी त्याला टोचलं, तुम्ही सांगितलं म्हणून. मी त्याच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी चावलो असतो." दादाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा गप्प झाला. पण बोलला.

"मी इंजेक्शन देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा इथे राहिला तर पुन्हा चावेल. तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही. याला इथून कुणीतरी न्यायला हवं."

"कोण नेणार असली ब्याद?"

"मी," मी म्हणाले.

"नेलास तर पुन्हा काट्यावर पाऊल ठेवू नकोस."

"काटा अर्धा माझा आहे दादा. वाटणीचं बोलायला मी येईनच. हा मात्र येणार नाही."

मी साखळी सोडली आणि माझा फिरवायचा पट्टा अडकवला. दादाला बहुतेक तेव्हा कुठे पटलं की मी खरंच निघालेय. "अगं, मग गोदामाची राखण कोण करणार?"

ती साखळी मी त्याच्या हातात दिली. "तू बस. चावायला तुला कुणी शिकवायची गरज पडली नाही."

मी फाटकाकडे निघाले. मोडकं कुलूप अजून तिथेच लोंबत होतं. राक्षस तिथे थांबला. पट्टा ओढला तरी हलेना. मला वाटलं, आता गुरगुरतो. त्याला तो हक्क होता. पण त्याने मान वळवून, साखळी हातात धरून उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं आणि शेपटी हलवली. जरा थांबून पुन्हा हलवली.

त्या सगळ्या दिवसांत मी कितीतरी जणांवर चिडले होते. पण तेव्हा त्या कुत्र्याचा जेवढा राग आला, तेवढा कुणाचाच आला नव्हता.