आणि प्रवासी

क्लाईव्ह चार वेळा साइडकारच्या, म्हणजे बाजूला पाट जोडलेल्या मोटरसायकलच्या, शर्यतीत चॅम्पियन झाला, हे ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या आमच्या गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. शेजारच्या पाटावर कोण होतं, ते मात्र कुणी सांगणार नाही. मी होते. त्याची बायको, थेल्मा.

तो हँडल धरतो. मी वळणावर अंग बाहेर झोकून देते, कान मातीला लागेल इतकं, म्हणून गाडी वळते. आणि भोंग्यावरून शर्यतीचा निवेदक डेस दर वेळी ओरडणार, क्लाईव्ह पिट आणि प्रवासी! चारही कपांवर तेच कोरलंय. मी काय तिकीट काढून बसले होते?

डेसला गोडीत सांगितलं, फटकारून सांगितलं, घरचे लॅमिंग्टन केक खाऊ घालून सांगितलं. पद्धतच तशी आहे म्हणाला. लॅमिंग्टन मात्र संपवले.

शेवटी क्लाईव्हचा गुडघा संपावर गेला आणि त्या वर्षीची फायनल आमची शेवटची ठरली. कपावर माझं नाव यायचं तर तेव्हाच, नाहीतर कधीच नाही. शर्यतीआधी सगळ्यांना हात दाखवत एक संथ फेरी मारतात, तेव्हाही डेसने तेच म्हटलं. माझं डोकं फिरलं. पहिलं वळण आलं, तशी मी हाताची घडी घालून, पाय जुळवून नीट बसून राहिले.

गाडी वळलीच नाही. सरळ चिखलात शिरली आणि गवताच्या गठ्ठ्यांत तोंड खुपसून थांबली. लोक पोट धरून हसले.

"काय तुटलं गं?" क्लाईव्हने विचारलं.

"काही नाही. प्रवासी बसलेत."

पाचवा कप माझ्या हट्टापायी जाणार असं वाटलं आणि मी चाकात अडकलेलं गवत उपसायला लागले. मग क्लाईव्ह लंगडत डेसच्या माचाकडे गेला. काय बोलला कोण जाणे, पण थोड्या वेळाने भोंगा खरखरला. डेस पडेल आवाजात म्हणाला, "थेल्मा पिट. आणि तिचा ड्रायव्हर."

त्या दिवशी मी अशी लोंबकळले की जाकिटाचा खांदा फाटला. पण इंजिनात चिखल गेला होता. तिसरे आलो.

मोठे कप शेडमध्ये असतात, नटबोल्ट ठेवायला. तिसऱ्या नंबरचा अंड्याएवढा कप बैठकीच्या खोलीत आहे. कोरणाऱ्याने भोंग्यावर ऐकलं तसंच लिहिलंय. पाहुणे आले की क्लाईव्ह तो स्वतः काढतो, शर्टाला पुसतो आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवतो.

"हा आहे ना, हा मी."